बिऱ्हाड हलते तेव्हा कर्णबधिर मुलाने कोठे शिकावे?

मे महिना सरत आला की मराठवाड्यातील नोकरदारांच्या घरांत बदल्यांची चर्चा सुरू होते. बँकेतील लेखनिक, एस. टी.चा वाहक, महसूल खात्यातील कर्मचारी, ग्रामीण रुग्णालयातील परिचारिका, यांपैकी कोणाला नांदेडहून लातूरला जावयाचे असते, कोणाला उदगीरहून देगलूरला, तर कोणाला किनवटहून निलंग्याला. बिऱ्हाड हलविण्यापूर्वी शहाणा माणूस चार गोष्टी विचारून घेतो. घरभाडे किती, नळाला पाणी किती दिवसांनी येते, कचेरी किती लांब आणि मुलांना शाळा कोणती. २०१६ च्या उन्हाळ्यात ज्या लातूरला मिरजेहून आगगाडीने पाणी आणावे लागले, तेथे पाण्याचा प्रश्न आधी विचारला जातो यात नवल नाही. या चारही प्रश्नांची उत्तरे त्याला गल्लीतला किराणा दुकानदार, घरमालक किंवा नव्या कचेरीतला एखादा सहकारी देऊ शकतो. त्यासाठी सरकारी दप्तर उघडावे लागत नाही.

परंतु त्याच घरात ऐकू न येणारे सहा-सात वर्षांचे मूल असेल, तर पाचवा एक प्रश्न उभा राहतो आणि त्याचे उत्तर कोणीच देऊ शकत नाही. नव्या गावात या मुलाला शिकविणारे कोणी आहे काय? तेथील शाळेत विशेष शिक्षक येतो काय, येत असल्यास आठवड्यातून किती वेळा येतो, आणि त्याचे प्रशिक्षण कर्णबधिर मुलांना शिकविण्याचे आहे की अन्य कोणत्या अपंगत्वाचे? मूकबधिर विद्यालय असेल तर ते कितवीपर्यंत आहे, निवासी आहे की कसे, आणि तेथे जागा शिल्लक आहे काय? हे सर्व शिक्षण खात्याला ठाऊक असावे अशी पालकाची समजूत असते. तो पंचायत समितीत जातो, तेथून त्याला जिल्हा परिषदेत धाडले जाते. जिल्हा परिषदेत शिक्षण विभाग त्याला समाजकल्याणाकडे बोट दाखवितो आणि समाजकल्याण विभाग पुन्हा शाळेकडे. एवढ्यात जून उजाडतो आणि सामानाचा ट्रक दाराशी येऊन उभा राहतो.

या प्रश्नाकडे एखाद्या कुटुंबाची खाजगी अडचण म्हणून पाहण्याची आपल्याला सवय झाली आहे. ती सोडली पाहिजे. २०११ च्या जनगणनेत देशात २ कोटी ६८ लाख अपंग व्यक्तींची नोंद झाली आणि त्यांपैकी सुमारे ५० लाख व्यक्ती श्रवणदोष असलेल्या होत्या. यांतील शाळकरी मुले गावोगाव विखुरलेली आहेत. एका गावात एक, दुसऱ्या गावात दोन, अशी ती असल्यामुळे त्यांची गर्दी कोणाच्या डोळ्यांत भरत नाही. बदलीच्या हंगामात तर ती नोंदवहीतूनही निसटतात. जुन्या शाळेने नाव कमी केलेले असते, नव्या शाळेने घातलेले असते, आणि या दोहोंच्या मध्ये त्या मुलासाठी जे काही चालले होते ते थांबलेले असते.

ते थांबणे किती महाग पडते, हे समजण्यासाठी श्रवणदोषाचे स्वरूप नीट ध्यानात घेतले पाहिजे. आपल्याकडे शाळांच्या पाट्यांवर आजही मूकबधिर असा शब्द असतो. वस्तुतः या मुलांपैकी बहुतेकांच्या वाचेंद्रियात कसलाही दोष नसतो. ऐकू येणारे मूल अंगणात खेळता खेळता, आजीच्या मांडीवर, बाजारात, भांडणात भाषा उचलते. ती त्याला कोणी शिकवावी लागत नाही. कर्णबधिर मुलाला मात्र भाषेचा प्रत्येक तुकडा कोणीतरी हेतुपुरस्सर, त्याच्या डोळ्यांसमोर आणून द्यावा लागतो. मग तो श्रवणयंत्र आणि वाचा उपचार यांच्या साह्याने दिलेला असो अथवा खुणांच्या भाषेतून. आयुष्याची पहिली काही वर्षे भाषा ग्रहण करण्याची असतात आणि त्या वर्षांत झालेली हानी पुढे दुप्पट श्रम करूनही पुरती भरून येत नाही. ऐकू येणाऱ्या मुलाची शाळा सहा महिने बुडाली तर त्याचा गणिताचा किंवा इतिहासाचा भाग मागे पडतो. कर्णबधिर मुलाचे सहा महिने गेले तर ज्या भाषेत गणित आणि इतिहास समजावयाचा, ती भाषाच मागे पडते.

त्यात पद्धतीच्या भेदाची भर पडते. १८८० साली इटलीतील मिलान येथे भरलेल्या शिक्षकांच्या आंतरराष्ट्रीय परिषदेने खुणांची भाषा वर्गाबाहेर घालवून केवळ तोंडी पद्धतीचा पुरस्कार केला. त्या ठरावाची छाया जगभरच्या शाळांवर शंभर वर्षांहून अधिक काळ राहिली. २०१० साली व्हँकूव्हर येथे भरलेल्या त्याच परंपरेतील परिषदेने त्या ठरावाबद्दल जाहीर खेद व्यक्त केला. भारतात सांकेतिक भाषेच्या संशोधनासाठी आणि प्रशिक्षणासाठी स्वतंत्र राष्ट्रीय केंद्र स्थापन होण्यास २०१५ साल उजाडावे लागले. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने भारतीय सांकेतिक भाषेचे देशभर प्रमाणीकरण करण्याचे ठरविले, २०२१ मध्ये त्या केंद्राचा शब्दकोश दहा हजार शब्दांपर्यंत पोहोचला, आणि डिसेंबर २०२४ मध्ये या भाषेसाठी स्वतंत्र शैक्षणिक दूरचित्रवाणी वाहिनीही सुरू झाली. हे सर्व स्वागतार्ह आहे. परंतु आमच्या जिल्ह्यांतील एक शाळा ओष्ठवाचनावर भर देते आणि दुसरी खुणांवर, तर एकीतून दुसरीत गेलेले मूल वर्गात बसूनही वर्गाबाहेर राहते. तेव्हा नव्या गावात शाळा आहे एवढे कळून भागत नाही. ती कोणत्या मार्गाने शिकविते, हेही आधी कळले पाहिजे.

आता कायदा काय सांगतो ते पाहू. बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा अधिकार देणारा २००९ चा कायदा १ एप्रिल २०१० पासून अंमलात आला. त्याच्या पाचव्या कलमाने मुलाला एका शाळेतून दुसऱ्या शाळेत जाण्याचा हक्क दिला आहे. मुख्याध्यापकाने शाळा सोडल्याचा दाखला तत्काळ द्यावयाचा आहे, आणि दाखला यावयास उशीर झाला म्हणून नव्या शाळेला प्रवेश अडविता किंवा लांबविता येत नाही. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ चा. तो १९ एप्रिल २०१७ पासून लागू झाला. त्याच्या एकतिसाव्या कलमान्वये ४० टक्के वा त्याहून अधिक दिव्यांगत्व असलेल्या सहा ते अठरा वर्षांच्या मुलाला नजीकच्या शाळेत किंवा स्वतःच्या पसंतीच्या विशेष शाळेत मोफत शिक्षण मिळण्याचा हक्क आहे. सोळाव्या कलमाने कर्णबधिर मुलांना त्यांना सर्वांत योग्य अशा भाषेतून आणि संपर्काच्या साधनांतून शिकविण्याची जबाबदारी शाळांवर टाकली आहे. सतराव्या कलमाने सांकेतिक भाषा जाणणारे शिक्षक तयार करून नेमण्याचे, परीक्षेत अधिक वेळ देण्याचे आणि दुसऱ्या व तिसऱ्या भाषेतून सूट देण्याचे कर्तव्य सरकारवर ठेवले आहे. त्याच कलमात दर पाच वर्षांनी शाळकरी मुलांची पाहणी करून दिव्यांग मुले हुडकून काढण्याचीही तरतूद आहे.

म्हणजे हक्काच्या बाजूने पाहिले तर उणीव फारशी नाही. हक्क मुलाबरोबर प्रवास करतो. नांदेडात जो हक्क होता तोच लातुरात आहे. सेवा मात्र प्रवास करीत नाही. नांदेडच्या शाळेत विशेष शिक्षकाने दोन वर्षे घालवून त्या मुलाची शब्दसंपत्ती कोठवर आणली, त्याला कोणत्या आवाजांचा बोध होतो, तो कोणत्या बाकावर बसल्यास शिक्षकाचे ओठ त्याला दिसतात, श्रवणयंत्र कोणत्या कानाला अधिक उपयोगी पडते, हे सारे त्या शिक्षकाच्या डोक्यात किंवा फार तर त्याच्या वहीत असते. शाळा सोडल्याच्या दाखल्यावर जन्मतारीख असते, जात असते, वर्तणुकीचा शेरा असतो. मूल कसे शिकते याला त्यावर रकाना नाही.

या दुरवस्थेचे मूळ कारभाराच्या विभागणीत आहे. कर्णबधिर मुलाच्या शिक्षणाचे आपल्याकडे दोन मार्ग आहेत. पहिला मार्ग सर्वसाधारण शाळेचा. तेथे समग्र शिक्षा योजनेखाली गटसाधन केंद्रातील समावेशित शिक्षणाचे तज्ज्ञ आणि विशेष शिक्षक शाळांना भेटी देतात. दुसरा मार्ग विशेष शाळांचा, म्हणजे स्वयंसेवी संस्थांनी शासनाच्या अनुदानावर वा अनुदानाविना चालविलेल्या मूकबधिर विद्यालयांचा. पहिला मार्ग शिक्षण खात्याच्या अखत्यारीत येतो. दुसरा वर्षानुवर्षे समाजकल्याणाच्या छत्राखाली होता. डिसेंबर २०२२ मध्ये राज्यात स्वतंत्र दिव्यांग कल्याण विभाग निर्माण झाल्यावर तो त्या विभागाकडे आला. तिसरे खाते आरोग्याचे. दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र, श्रवणचाचणी, राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाखालील तपासणी ही कामे त्याच्याकडे आहेत. नांदेडला विष्णुपुरी येथे आणि लातूरलाही शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. तेव्हा कानाच्या वैद्यकीय तपासणीसाठी या जिल्ह्यांतील माणसाला पूर्वीसारखे हैदराबाद वा पुणे गाठावे लागू नये. परंतु कान तपासणारा डॉक्टर, श्रवणयंत्र देणारी योजना, शिकविणारा शिक्षक आणि विशेष शाळेचा मुख्याध्यापक या चौघांना एकमेकांशी बोलावयास लावणारी व्यवस्था नाही. मूल एकाच गावी राहिले तर आईवडील हेलपाटे घालून ही गाठ कशीबशी बांधतात. बिऱ्हाड हलले की ती सुटते, आणि नव्या गावी पहिल्यापासून बांधावी लागते.

नांदेड आणि लातूर या जिल्ह्यांच्या संदर्भात हा प्रश्न अधिक टोचतो, कारण शिक्षणासाठी स्थलांतर हे येथले नित्याचे दृश्य आहे. 'लातूर पॅटर्न'ची कीर्ती महाराष्ट्रभर झाली आणि वैद्यकीय व अभियांत्रिकीच्या प्रवेशासाठी दूरदूरची कुटुंबे लातुरात खोली घेऊन राहू लागली. नांदेडही आता त्याच वाटेने गेले आहे. कोणत्या शिकवणी वर्गात कोणता विषय चांगला शिकवितात, खानावळ कोठे बरी, मुलींचे वसतिगृह कोठे सुरक्षित, याची माहिती देण्यासाठी येथे माणसे आणि फलक सज्ज असतात. हुशार आणि ऐकू येणाऱ्या मुलासाठी ज्या शहरांनी अशी जय्यत माहिती उभी केली, त्याच शहरांत कर्णबधिर मुलाच्या आईला साध्या चौकशीसाठी वणवण करावी लागावी, हे शिक्षणाच्या या लौकिकाला शोभणारे नाही. आणि हे दोन्ही प्रश्न पुष्कळदा एकाच घरात असतात. थोरल्या मुलीला बारावीसाठी लातूरला आणावयाचे, तर धाकट्या कर्णबधिर भावाचे काय करावयाचे? त्याला आजोळी ठेवावे, की थोरलीचा बेत रद्द करावा? अशा वेळी एका अपत्याच्या शिक्षणासाठी दुसऱ्याचे शिक्षण पणाला लावणे एवढेच आईबापांच्या हाती उरते.

सीमेवरच्या तालुक्यांची अडचण आणखी निराळी आहे. देगलूर, बिलोली, धर्माबाद येथील माणूस कामधंद्यासाठी सहज निजामाबादला जातो. उदगीर-देवणीकडचा बीदरला जातो. १९५६ पर्यंत हा सगळा मुलूख एकाच हैदराबाद राज्यात होता आणि सोयरिकी आजही सीमा पाळीत नाहीत. परंतु कर्णबधिर मूल सीमा ओलांडते तेव्हा त्याची परीक्षा मंडळेही बदलतात आणि ओठांवरची भाषाही. ज्याने मोठ्या कष्टाने मराठी ओठ वाचावयास शिकावे, त्याच्यासमोर तेलुगू किंवा कन्नड ओठ येतात. नांदेडहून लातूरला जाणाऱ्याला निदान हे संकट नाही. दोन्ही जिल्हे राज्य मंडळाच्या लातूर विभागात मोडतात, तेव्हा दहावीच्या परीक्षेतील सवलतींसाठी निराळे मंडळ गाठावे लागत नाही.

आणि स्थलांतर केवळ नोकरदारांचेच असते असे मानणे ही मोठीच चूक ठरेल. मुखेड, कंधार, लोहा, जळकोट, अहमदपूर या भागांतून दसरा-दिवाळीनंतर ऊसतोडीच्या टोळ्या पश्चिम महाराष्ट्रातील आणि कर्नाटकातील कारखान्यांकडे निघतात आणि उन्हाळ्याच्या तोंडी परततात. त्यांच्या मुलांसाठी हंगामी वसतिगृहांची सोय शासनाने केली आहे. ऐकू येणारे मूल तेथे किंवा आजीपाशी राहू शकते. ज्याची खूण फक्त आईलाच कळते असे मूल मात्र मागे ठेवावयास तिचे मन धजत नाही. ते बैलगाडीतून किंवा ट्रॅक्टरमधून फडावर जाते. बँकेच्या कारकुनाची बदली तीन-चार वर्षांनी होते. या मुलाची दरवर्षी होते. वर सांगितलेले भाषेचे नुकसान त्याच्या वाट्याला दर हिवाळ्यात येते.

यावर प्रशासनाचे उत्तर ठरलेले आहे. विशेष शिक्षक पुरेसे नाहीत, तर सेवा द्यावयाची कशी? ही अडचण खोटी नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये रजनीश कुमार पांडे यांच्या प्रकरणात विशेष शिक्षकांच्या प्रमाणाचा प्रश्न हाती घेतला. त्यानंतर २०२२ साली केंद्राने प्राथमिक स्तरावर दहा आणि उच्च प्राथमिक स्तरावर पंधरा दिव्यांग विद्यार्थ्यांमागे एक विशेष शिक्षक असे प्रमाण निश्चित केले. मार्च २०२५ मध्ये न्यायालयाने सर्व राज्यांना पदे जाहीर करून भरावयास सांगितले. महाराष्ट्र शासनाने २०२४ मध्ये केंद्रस्तरावर एक याप्रमाणे ४,८६० विशेष शिक्षकांच्या पदांना मान्यता दिली, हे पुढचे पाऊल खरेच. तथापि एका केंद्राखाली अनेक शाळा असतात. शिवाय विशेष शिक्षकांचे प्रशिक्षण अपंगत्वाच्या प्रकारानुसार निरनिराळे असते. बौद्धिक अक्षमतेच्या मुलांसाठी तयार झालेला शिक्षक कितीही तळमळीचा असला तरी तो कर्णबधिर मुलाला भाषा देऊ शकेलच असे नाही. केंद्रात पद भरले म्हणून अहवालात रकाना भरेल. त्या मुलाची गरज त्याने भागली की नाही, हे अहवाल सांगणार नाही.

परंतु शिक्षक थोडे आहेत हे माहिती दडवून ठेवण्याचे कारण होऊ शकत नाही. धान्य कमी असते तेव्हाच ते कोणत्या दुकानात आहे हे लोकांना सांगणे अगत्याचे असते. नांदेड जिल्ह्यात सोळा तालुके आहेत, लातूर जिल्ह्यात दहा. सव्वीस तालुक्यांची एक यादी करावयास कोणता निधी लागतो? कोणत्या केंद्रात कर्णबधिर मुलांसाठी प्रशिक्षित शिक्षक आहे, तो कोणत्या वारी कोठे असतो, विशेष शाळा कोणत्या गावी आहे, कितवीपर्यंत आहे, शिकविण्याची पद्धत कोणती, मान्य संख्या किती आणि रिकाम्या जागा किती, श्रवणचाचणी कोणत्या रुग्णालयात कोणत्या दिवशी होते, एवढे त्या यादीत असावे. ज्या तालुक्यात काहीच नाही, तेथे काही नाही असे स्वच्छ लिहावे. तेही पालकाच्या उपयोगाचे आहे. बदलीसाठी पसंतीक्रम देताना तो तो तालुका टाळू शकेल. ही यादी दरवर्षी मे महिन्यापूर्वी पंचायत समितीच्या फलकावर आणि जिल्हा परिषदेच्या संकेतस्थळावर लागली पाहिजे. माहितीच्या अधिकाराच्या २००५ च्या कायद्यातील चौथे कलम सार्वजनिक कार्यालयांनी आपण होऊन माहिती प्रसिद्ध करावी असेच सांगते. त्यासाठी नव्या कायद्याची वाट पाहण्याचे प्रयोजन नाही.

दुसरी गोष्ट मुलाबरोबर जाणाऱ्या कागदाची. शाळा सोडल्याच्या दाखल्यासोबत विशेष शिक्षकाच्या आणि मुख्याध्यापकाच्या सहीचे एक पत्रक दिले जावे. त्यात अलीकडच्या श्रवणचाचणीचा आलेख, वापरात असलेल्या यंत्राचा प्रकार, शिकविण्याची पद्धत, भाषेची आजची पायरी, परीक्षेत मिळत असलेल्या सवलती आणि पुढील सहा महिन्यांत काय साधावयाचे याची नोंद असावी. विद्यार्थ्याची नोंद आज एका शाळेकडून दुसरीकडे ऑनलाइन वर्ग होतेच. तिच्या पाठीवर हे पान सहज जाऊ शकते. ऊसतोड कुटुंबाच्या मुलासाठी तर ते अधिकच जरुरीचे आहे. कारखान्याजवळच्या शाळेतल्या शिक्षकाला त्या मुलाविषयी सांगू शकेल असे दुसरे कोणी नसते.

तिसरी गोष्ट मुदतीची. अमेरिकेने १९७५ साली अपंग मुलांच्या शिक्षणाचा कायदा केला. २००४ मध्ये सुधारलेल्या त्या कायद्यात अशी तरतूद आहे की, वैयक्तिक शिक्षण आराखडा असलेले मूल वर्षाच्या मध्येच दुसऱ्या जिल्ह्यात किंवा दुसऱ्या राज्यात गेले, तर नव्या शाळाव्यवस्थेने स्वतःचा आराखडा ठरेपर्यंत जुन्या आराखड्यातील सेवांशी मिळत्याजुळत्या सेवा दिल्याच पाहिजेत. त्या देशाची श्रीमंती आपल्यापाशी नाही हे मान्य. पण या तरतुदीतले तत्त्व श्रीमंतीवर अवलंबून नाही. मूल आले त्या दिवसापासून जबाबदारी नव्या कार्यालयाची, आणि मुलाला थांबविण्याचा अधिकार कोणाला नाही, एवढेच ते तत्त्व आहे. महाराष्ट्रात २०१५ चा लोकसेवा हक्क अधिनियम आहे. दाखले आणि उतारे किती दिवसांत द्यावयाचे हे त्याखाली ठरवून दिले जाते. स्थलांतरित दिव्यांग विद्यार्थ्याची शैक्षणिक सोय ही सेवाही त्या यादीत घालावी आणि तिला पंधरा दिवसांची मुदत बांधावी. आज सातबाऱ्याच्या उताऱ्याला मुदत आहे आणि मुलाच्या भाषेला नाही.

शासनाला या प्रश्नाची जाणीव मुळीच नाही असेही म्हणता येत नाही. जिल्हा परिषदेच्या शिक्षकांच्या बदल्यांत दिव्यांग अपत्याच्या पालकांना विशेष संवर्गात धरले जाते. केंद्र शासनाने २०१८ मध्ये आपल्या कर्मचाऱ्यांना अशाच कारणासाठी नेहमीच्या बदलीतून सूट मागण्याची मुभा दिली आहे. बदलीने अशा मुलाचे नुकसान होते, याचीच ही कबुली होय. परंतु बदली टाळणे हा काही थोड्या लोकांना परवडणारा उपाय आहे. खाजगी कंपनीतला कामगार, हमाल, बांधकामावरचा मजूर, ऊसतोड्या यांना विशेष संवर्ग कोठला? त्यांच्यासाठी नव्या गावातली शाळाच तयार असावी लागते.

हे घडेपर्यंत पालकांनी स्वस्थ बसावे असा मात्र याचा अर्थ नाही. ज्यांना हलावयाचे आहे त्यांनी घर पाहण्याआधी शाळा पाहावी आणि नंतर शाळेच्या आसपास घर शोधावे. नव्या तालुक्याच्या गटशिक्षणाधिकाऱ्याला आणि जिल्हा परिषदेला निदान दोन महिने आधी लेखी अर्ज करावा व त्याची पोच घ्यावी. तोंडी चौकशीचे उत्तर तोंडीच विरते. उत्तर न आल्यास माहितीच्या अधिकाराखाली तोच प्रश्न विचारावा. त्याला तीस दिवसांची मर्यादा आहे. दिव्यांगत्वाचे वैश्विक ओळखपत्र देशभर चालते, तेव्हा केवळ जिल्हा बदलला म्हणून नव्याने प्रमाणपत्र काढावयास कोणी सांगितल्यास नम्रपणे पण ठामपणे नकार द्यावा. श्रवणचाचणीचे सर्व कागद, शिक्षकाच्या नोंदी आणि मुलाच्या वह्या जपून न्याव्यात. श्रवणयंत्राचे सेल आणि वाढत्या वयाबरोबर बदलावा लागणारा कानाचा साचा नव्या गावी मिळतो की नाही हे आधी विचारावे. कॉक्लिअर इम्प्लांट झालेले असेल तर त्याची जुळणी आणि दुरुस्ती कोठे होते याची चौकशी त्याहून आधी करावी. शक्य झाल्यास एक दिवस शाळा भरलेली असताना वर्गात जाऊन बसावे. शिक्षक फळ्याकडे तोंड करून बोलतो की मुलांकडे, पत्र्याच्या छपराखाली पंख्यांचा आवाज किती, खिडकीचा उजेड शिक्षकाच्या तोंडावर पडतो की पाठीमागून येतो, आणि मधल्या सुटीत इतर मुले त्या मुलाला खेळात घेतील असे वातावरण आहे काय, हे त्या एका दिवसात कळते. जेथे विशेष शाळा आणि शेजारची शाळा असे दोन्ही पर्याय आहेत, तेथे निवड पालकाची आहे. कायद्याने ती त्याला दिली आहे. निवासी शाळेत समभाषी सोबती मिळतात, घरी राहून आईबापांचा सहवास मिळतो. दोन्ही गोष्टींचे मोल मोठे आहे. ही निवड नाइलाजाने होऊ नये, एवढे पाहिले पाहिजे.

तथापि एवढे सगळे करणारा पालक शिकलेला, चार कचेऱ्या चढण्याइतका वेळ आणि पैसा असलेला असावा लागतो. ज्याच्यापाशी यांतले काही नाही त्याच्या मुलासाठीच सार्वजनिक शाळा असते. म्हणून या लेखाचा रोख अखेर नांदेड आणि लातूरच्या जिल्हा परिषदांकडे आहे. यादी, पत्रक आणि मुदत या तीन गोष्टींसाठी मुंबईच्या मंत्रालयाकडे डोळे लावून बसण्याची आवश्यकता नाही. पहिल्या दोन गोष्टी या जिल्हा परिषदा आपल्या अधिकारात येत्या मे महिन्यापूर्वी करू शकतात आणि तिसरीचा ठराव करून शासनाकडे पाठवू शकतात. दोन शेजारच्या जिल्ह्यांनी आपसांत हे ठरविले, तर नांदेडहून लातूरला निघालेल्या त्या कुटुंबाला पाणी किती दिवसांनी येते हे जितक्या सहजतेने कळते, तितक्याच सहजतेने आपल्या मुलाला कोण शिकविणार हेही कळेल. बिऱ्हाड मग बिनघोर हलेल, आणि त्या मुलाची शाळा इतर मुलांबरोबर जूनमध्येच सुरू होईल.